काही होत नाहीये मला

“वहिनी, आईला त्या पार्लरमधल्या वाफेखाली बसवू नकोस. नागीण होऊन गेल्यापासून तिला उजव्या कानामागे गरम-गार कळत नाही.”

नणंद दवाखान्यात नर्स, उगाच बोलणारी नव्हे. पण सुनेनं फोनवरचं ते बोलणं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. बाळाच्या बाटल्या उकळून उकळून घरात तिचंच नाव ‘जंतूबाई’ पडलेलं. एकदा दुसऱ्या कुणाची काळजी हसण्यावारी न्यायला मिळाली, याचीच तिला गंमत वाटली.

सासूबाईंचे केस वाळक्या गवतासारखे झाले होते आणि हिचे बाळंतपणानंतर मूठमूठ गळत होते. बाळाला कडेवर घेऊन दोघी कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेल्या.

आत शिरताच शिळ्या तेलाचा भपकारा आला. वाफेच्या यंत्राचा टोप आतून पिवळट, चिकट, कडेला कुणाकुणाचे केस. सुनेनं वाकून खालच्या डब्यात पाहिलं. बुडाशी पांढरं किटण, वर तेलाचा तवंग आणि त्यात पोहणारा एक केस. पार्लरवालीनं ते पाणी फेकलं नाहीच, वरून आणखी तांब्याभर ओतलं. याच्या वर पाणी नको, अशी डब्यावरची खुणेची रेघ पाण्याखाली गेली.

“हे बदलत नाही तुम्ही?”

“ताई, उकळतंच ना ते. उकळल्यावर काय राहतंय?”

“जंतूबाई, आज तरी सुट्टी घे,” सासूबाई खुर्चीत रेलत म्हणाल्या.

त्या दोघी हसल्या. मग तीही हसली.

वाफ सुरू झाली तसा ओल्या, आंबलेल्या टॉवेलचा वास खोलीभर झाला. “वाफेनं मुळं उघडतात,” पार्लरवाली सांगत होती. मुळं म्हणजे काय खिडक्या आहेत, असं सुनेच्या ओठांवर आलं होतं, पण सुट्टी घेतली होती ना. यंत्र मधेच गुरगुरलं, थुंकल्यासारखं उकळतं पाणी टोपात उडालं.

“आई, भाजत नाही ना?”

“छान शेक बसतोय गं. डोळा लागेल आता.”

बाळ रडायला लागलं म्हणून ती त्याला घेऊन दारात उभी राहिली. वीस मिनिटं. खरं तर त्या वासातून सुटका झाली म्हणून तिला बरंच वाटलं.

संध्याकाळी सासूबाईंची वेणी घालायला तिनं केस उचलले. उजव्या कानामागे रुपयाएवढा फोड. फुटलेला, ओला, त्यात पार्लरवालीनं केसांना चोळलेलं पांढरं क्रीम माखलेलं. आणि त्या ओल्या मांसाला एक लांब, मेंदी रंगाचा केस चिकटलेला. कुणा परक्या बाईचा.

“एवढं काय बघतेस?” सासूबाई म्हणाल्या. “काही होत नाहीये मला.”

ती न्हाणीघरात जाऊन ओकली.

नणंद आली, तिनं जखम धुतली, चिमट्यानं तो केस काढला. “वाफेनं कोरडे केस दोन दिवस मऊ लागतात, एवढंच. गळणारे काही थांबत नाहीत,” म्हणाली. रागावली मात्र नाही. ते जास्त झोंबलं. पुढं पू झाला, ताप चढला, चार दिवस इंजेक्शनं झाली. रोज पट्टी बदलताना सुनेला किळस यायची. पुवाची नव्हे. पुवाला साबण असतो. आपण त्या दोघींबरोबर हसलो, त्या हसण्याची.

फोड आता सुकलाय. तिथं केस येणार नाहीत म्हणतात. सासूबाईंनी ‘जंतूबाई’ म्हणणं बंद केलंय आणि तेही तिला नको झालंय.

भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, हे वाचणाऱ्यालाही. तुमच्याकडची म्हातारी, आई, मावशी, कुणी असं वाफेखालून उठून आली असेल, तर ‘काही होत नाहीये’ यावर जाऊ नका. केस वर उचला आणि कानामागे बघा. चहा मग प्या, आधी बघून या.