सक्तीची विश्रांती

घंटा वाजली आणि शिवणहॉलमधल्या सगळ्या मशिनी एकदम गप्प झाल्या.

“उठा, उठा. पाच मिनिटं कुणी मशीनला हात लावायचा नाही,” नवे सुपरवायझर दारातून म्हणाले. आवाज गोड, ओरडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पंचवीस मिनिटं मान खाली घालून शिवायचं, बोलायचं नाही, मग पाच मिनिटं सक्तीची विश्रांती. त्याने डोकं ताजं राहतं आणि काम दुपटीने होतं, असं त्यांचं म्हणणं. बायकांनी त्यांचं नाव घंटासाहेब ठेवलं होतं.

“पंचवीस मिनिटं बुडी मारायची नि पाच मिनिटं नाक वर काढायचं,” काकूंच्या शेजारच्या मशीनवरची बडबडी म्हणाली. “आपण काय म्हशी आहोत?”

“म्हशीला कुणी घड्याळ लावत नाही गं,” काकू म्हणाल्या.

बडबडी हसत पाण्याकडे निघाली आणि जाता जाता तिने स्वतः शिवलेल्या मूठभर कॉलरी काकूंच्या टोपलीत टाकल्या. मागून येणाऱ्या दोघी-तिघींनीही एकेक टाकली. काकूंनी नजर वळवली. घेणाऱ्याने बघू नये, म्हणजे देणाऱ्याला अवघडत नाही.

काकूंचा जन्म कॉलरी शिवण्यात गेला होता. आता बोटं आखडली होती, मूठ वळत नव्हती, मोजणीपुरती टोपली भरत नव्हती. राहायच्या त्या लेकीकडे. जावई वाईट नव्हता. पण सासू मिळवती आहे तोवरच तिच्या अंथरुणाला त्या घरात जागा आहे, हे न बोलताच सगळ्यांना ठाऊक होतं. बडबडीलाही. ही युक्ती तिचीच.

“पहिली कॉलर तुम्ही माझा हात धरून शिवून घेतलीत,” ती म्हणाली होती. “आता मुकाट्याने घ्या.”

महिनाअखेरीला घंटासाहेबांनी बडबडीला सगळ्यांसमोर उभं केलं.

“ताई, तुमचं काम दर आठवड्याला घसरतंय.”

“तोंड तर बंद ठेवते की साहेब. घरचे म्हणतात, आजारी आहेस का.”

कुणी हसलं नाही.

“तोंड बंद आहे, मन भटकतंय. या काकूंकडे बघा. वय बघा, हात बघा. तरी काम वाढलं.” ते काकूंकडे वळले. “सांगा काकू, कसं जमवता? यांनाही कळू दे. नाहीतर उद्यापासून यांना ठेवता येणार नाही मला.”

बायकांनी माना खाली घातल्या. सांगायचं तर ते काकूंनीच.

खरं काकूंच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. एकच तर वाक्य. बडबडी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत ‘सांगा’ नव्हतं, ‘सांगू नका’ही नव्हतं, ती नुसती थांबली होती. काकूंना लेकीच्या घरातला बोळ दिसला, चपलांच्या फळीला लागून टाकलेली आपली खाट दिसली.

“मन लावायचं, साहेब,” काकू म्हणाल्या. “दुसरं काय.”

“बघा,” साहेब म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

मग त्यांनी बडबडीला आजच हिशेब घेऊन जायला सांगितलं. तिने वाद घातला नाही. कात्री, चष्मा, डबा पिशवीत भरला आणि काकूंपाशी थांबली.

“येते काकू. रात्री बोटं शेकत जा.”

नेहमीच्याच आवाजात म्हणाली. चार शिव्या घातल्या असत्या तर काकूंना सोसलं असतं.

पुढची घंटा झाली. बायका पलीकडच्या रांगेतून, लांबचा वळसा घालून पाण्याला गेल्या. काकू जागच्या हलल्या नाहीत.

“काकू, उठा बरं. विश्रांती सगळ्यांना सक्तीची आहे,” साहेब मायेने म्हणाले.

काकू उठल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पाण्यापाशी कुजबुज चालली होती. त्यांनी तिकडे पाहिलं की थांबत होती. पंचवीस मिनिटं कशीबशी निभली होती, ही पाच काही सरेनात.

घंटा झाली तेव्हा सगळ्यांच्या आधी त्या मशीनवर बसल्या. सुईतला दोरा निसटला होता. आखडल्या बोटांनी त्या तो नेढ्यात ओवत राहिल्या. आजूबाजूच्या मशिनी केव्हाच सुरू झाल्या होत्या.