कोऱ्या डिस्कवरचं नाव

नवऱ्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला डेस्कटॉप घरात आला, तेव्हा तो आपला, हे तिने आल्या आल्याच जाहीर करून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गॅसपासून गाडीपर्यंत सगळं त्याच्याच नावावर होतं. निदान एका पडद्यावर तरी फक्त आपलं नाव उमटावं एवढीच तिची हौस होती, आणि त्या हौसेपायी तिला आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

विंडोज त्या थकलेल्या मशीनला झेपेना, म्हणून कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नणंदेने लिनक्सचे निरनिराळे प्रकार पेनड्राइव्हवर भरून दिले होते. आधी चालवून बघा, आवडेल ते ठेवा, म्हणाली होती. उबंटू उघडता उघडता पंखा धापा टाकायला लागला. मिंट देखणं निघालं, पण माउस हलवला की बाण मागून रेंगाळत यायचा. तिसरं मात्र, नणंदेला कुठूनसं मिळालेलं, साधंसुधं, चटकन उघडलं, आणि तिने बसल्या जागी टाळी वाजवली. तेच कायमचं ठेवायचं ठरवून तिने डिस्क पुसून कोरी केली.

पडद्याने नाव विचारलं. तिने एकेक अक्षर चवीने टाइप केलं. खाली ओळ आली: या नावाची व्यक्ती आधीपासून आहे.

तिने नणंदेला फोन लावला. नणंद हसली. कोऱ्या डिस्कवर कोण येऊन बसणार, मागचं काहीतरी चिकटून राहिलं असेल, पुन्हा पुसून घ्या वहिनी, म्हणाली. डिस्क पुन्हा पुसून झाली, नाव पुन्हा टाइप झालं, आणि पुन्हा तीच ओळ.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, ऐक तर."

"आले, एक मिनिट," ती म्हणाली. पण तो थांबला नाही. ऑफिसातला कुठलासा किस्सा रंगवून सांगत राहिला, मधेच हसला, मग कुणी काही विचारल्यासारखा थबकून, नाही गं, तो नव्हे, दुसरा, असं काहीतरी म्हणाला. बहिणीशीच फोनवर बोलत असणार, असं तिला वाटलं. तिचं सगळं लक्ष पडद्याकडे होतं, कारण तिथली ओळ बदलली होती.

या नावाची व्यक्ती सध्या आत आहे. तिला बंद करून पुढे जायचं का?

आपल्या नावावर दुसरंच कुणी ठाण मांडून बसलंय, याचा तिला आधी संताप आला आणि मग गंमत वाटली. एवढी वाट पाहून हाताशी आलेलं ती थोडंच सोडणार होती. तिने 'हो' दाबलं.

पडदा उजळला. ठळक अक्षरांत तिचं, एकटीचं नाव. स्वयंपाकघरात आता अगदी शांत होतं.

"अहो, या ना इकडे, बघा तरी," तिने हाक मारली.

तो हात पुसत आला आणि दाराशीच अदबीने थांबला. खोलीभर नजर फिरवून त्याने शेवटी तिच्याकडे पाहिलं.

"आत्ता स्वयंपाकघरात माझ्याशीच बोलत होती बायको," तो म्हणाला. "तुमचं काही काम होतं का तिच्याकडे?"