बद्द

ढोल करणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या मुलीचं नाव बद्द पाडलं होतं. लाकूड पारखायची त्याची रीत अशी: बोटांची पेरं खोडावर आपटायची, कान टेकवायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. खणखणीत, नाहीतर बद्द. पोरगी लहानपणी पाढे चुकली तेव्हा त्याने तीच पेरं तिच्या डोक्यावर आपटली आणि घरात हशा पिकला. पुढे तिला मागणी घालायला आलेल्यांसमोरही त्याने तोच विनोद केला. माणसं हसली, गेली, परत आली नाहीत. अशा बापांना लोक कलावंत म्हणतात.

कातडी तिच्याकडे. भिजवायची, केस खरवडायचे, ताणून बांधायची. "कातडं बाईसारखं," बाप गिऱ्हाइकांना सांगायचा, "ओलं असतानाच ताणून घ्यावं." लाकडाला मात्र तिने हात लावायचा नाही. आणि तिला तेवढंच हवं होतं. एकदा तरी खोड आपण निवडायचं.

एका नावाजलेल्या वादकाने मोठा ढोल करायला सांगितला. बापाने अंगणात दोन खोडं उभी केली. पहिल्यावर पेरं आपटली तसा आवाज भिंतीपर्यंत जाऊन आला. "बद्द," म्हातारा म्हणाला. "चुलीत घाल." दुसरं ठोकताच फुटक्या मडक्यासारखं बोललं. "खणखणीत."

ती त्याच्या पाठीमागे उभी होती; तिने हातातला हातोडा फरशीवर टाकला. म्हातारा वळला नाही. बहिरा झाला होता, आणि ते कबूल करण्यापेक्षा लाकडाला खोटं पाडत होता.

तरी तिने इमान राखलं. समोर येऊन, ओठ नीट हलवून सांगितलं, हे आतून चिरलंय.

"तू तुझी कातडी बघ," बाप म्हणाला. "लाकडातलं बद्दला काय कळणार?"

मग तिने कातडी बघितलीच. साठ्यातलं सगळ्यात चांगलं काढलं: दोनदा व्यालेल्या शेळीचं, ओरखडा नाही, जाडी सगळीकडे सारखी. गार पाण्यात भिजवलं, कण्याची रेघ बरोबर मधोमध आणून बापाने त्या दुसऱ्या खोडातून कोरलेल्या ढोलावर बांधलं. कातड्याला कुणी नाव ठेवायला नको. खोट निघाली तर लाकडाची निघावी, बापाची निघावी.

वादक साथीदारांना घेऊन आला. एक थाप मारली, दुसरी मारली, तोंड वाकडं केलं. कातड्यावर तळवा फिरवला, तिथे काही सापडेना, तेव्हा त्याने विचारलं, लाकूड कुणी निवडलं?

"बाबांनी," ती म्हणाली. "आमच्याकडे लाकूड तेच ऐकतात."

म्हातारा सगळ्यांची तोंडं बघत, वाहवा चालली आहे समजून मान डोलवत होता. एक साथीदार फिस्सकन हसला, मग सगळेच. म्हातारासुद्धा हसला. ढोल तिथेच टाकून मंडळी निघून गेली.

तेव्हा कुठे त्याचं हसू उतरलं. "गेले का? कसा वाजला?"

पहिलं खोड तिने चुलीत घातलंच नव्हतं. कातड्यांच्या ढिगाखाली दडवलं होतं. ते ओढत आणून तिने बापाच्या पायाशी आडवं पाडलं, त्यावर पेरं आपटली. खणखणीत. हा पुढचा ढोल, आणि तो तिचा. मग तीच पेरं तिने म्हाताऱ्याच्या टाळूवर आपटली आणि त्याला दिसतील असे सावकाश ओठ हलवले.

शब्द त्याच्याच तोंडातला. ऐकू यायची गरज पडली नाही.