एक मोती कमी

मित्रांनो, मी मोत्यांची एक जुनी माळ. फार मोठी नाही आणि फार भारीही नाही. माझे मोती हरभऱ्याच्या दाण्याएवढे. नीट निरखून पाहिलंत तर त्यातले दोनही अगदी सारखे नाहीत. कुणी किंचित चपटा, कुणाच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी खळी. तरी एकदा गळ्यात बसलो की आमच्यातला हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

समुद्राच्या आणि शिंपल्यांच्या गोष्टी मी सांगणार नाही, कारण त्या मला आठवतच नाहीत. मला आठवते ती एका दुकानामागची अरुंद खोली, खिडकीशी ओढलेलं टेबल आणि त्याच्यामागे बसलेली माळा ओवणारी बाई. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तिने आम्हा एक्कावन्न मोत्यांना मखमलीच्या तुकड्यावर पसरलं, मोठे मधे आणि लहान कडेला असं लावलं आणि रेशमी धाग्यात ओवायला घेतलं. प्रत्येक मोत्यानंतर ती एक गाठ मारत होती. शेजारी बसलेला सोनार म्हणाला, "अगं, एवढ्या गाठी कशाला मारत बसतेस? सरळ ओवलीस तर अर्ध्या वेळात होईल."

"धागा कधीतरी तुटणारच," ती मान वर न करता म्हणाली. "तुटला तर एकच मोती सांडू दे. बाकीच्यांनी का सांडावं?"

मला विकत घेतलं ते एका परिचारिकेने. तिने एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं नोकरी केली होती. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात मात्र विलक्षण हलका. धाकट्या मुलाचं लग्न झाल्यावरचा पहिला नाताळ होता. तिने मला नव्या सुनेच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "फार भारी नाहीत गं हे. पण खरे आहेत. घालत जा."

त्या घरात नव्या सुनेला सगळे सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. आणि तिच्या सासूला म्हणते सासूबाई. सूनबाई बसच्या स्थानकावर नोकरीला होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येणार, हे भोंग्यावरून सांगायचं तिचं काम. तिचा आवाज असा की धावतपळत आलेला प्रवासीही तो ऐकून दोन क्षण थांबे. नवरा तिथल्याच आगारात मेकॅनिक. तो म्हणायचा, "इंजिनाखाली झोपलेला असलो तरी मला कळतं, आज बाईसाहेबांचा मूड काय आहे ते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस विचाराल तर ते नाताळाच्या सकाळचे. सण घरीच साजरा व्हायचा. दुपारच्या जेवणाला मावशा, काका, भाचरं असे पंधरावीस जण जमत. पण त्याआधी आरशासमोर तासभर चालायचा तो खेळ मला फार प्रिय. पलंगावर डबा उघडायचा. लाल खड्यांची कर्णफुलं, चांदीचं कडं, निळ्या मण्यांची साखळी आणि मी. सूनबाई एकेक उचलून गळ्याला लावून बघे, मान तिरकी करी, पुन्हा ठेवी. छोटी मुलगी पलंगावर उड्या मारत आपला निकाल देई. मुलगी सारखी गरगर फिरायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. "हे नको! हे चेटकिणीचं आहे! हे घाल!" असं म्हणून ती शेवटी माझ्यावरच बोट ठेवी. बाहेरून नवरा ओरडे, "पाहुणे जेवून घरी गेले की मग येणार का बाहेर?" सूनबाई हसे आणि मला गळ्यात घाली. तिच्या गळ्याची ऊब मला लागे. ती बोलू लागली की तिचा आवाज आधी माझ्या अंगातून जाई आणि मग खोलीत.

असे नऊ नाताळ गेले.

मग एका वर्षी तिच्या गळ्यात गाठ आली. माझ्या अंगावरच्या गाठी मला धरून ठेवतात. ही गाठ तसली नव्हती. डॉक्टरांनी ती काढून टाकायला सांगितलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला. अगदी मुका नाही, पण घोगरा, वाळूवरून काहीतरी ओढत न्यावं तसा. दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागे. स्थानकावरच्या साहेबांनी तिला पासांच्या खिडकीत बसवलं. तिथे बोलावं लागत नसे, नुसते शिक्के मारायचे.

सासूबाई तेव्हा थोरल्या मुलाकडे, दुसऱ्या गावी राहत होत्या. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या येतील असं सगळ्यांना वाटलं होतं. जन्मभर परक्यांच्या जखमा बांधलेली बाई, सुनेच्या वेळी येणार नाही असं कसं होईल? पण त्यांचा फोन आला, "गुडघे फार धरलेत. प्रवास झेपणार नाही." सूनबाईने फोन ठेवला. तेव्हापासून ती त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली.

त्या वर्षीच्या नाताळालाही डबा पलंगावर उघडला गेला. सूनबाईने मला उचललं, मागे आकडी लावली आणि आरशात पाहिलं. मी बरोबर तिच्या व्रणाच्या खाली बसले होते. तो लांब आणि लालसर होता. मी पांढरी असल्यामुळे तो आणखीच लाल दिसत होता. तिने पाच-दहा क्षण पाहिलं. मग मला काढून मखमली पिशवीत घातलं, पिशवी खणात तळाशी ठेवली आणि गळ्याभोवती रेशमी रुमाल गुंडाळला. भिंगरी त्या दिवशी पलंगावर उड्या मारत नव्हती. "आई, आज काहीच नको?" तिने विचारलं.

"नको," सूनबाई म्हणाली.

मित्रांनो, खणातल्या अंधाराबद्दल मी फार तक्रार करणार नाही. पण मोत्यांना अंगाची ऊब आणि हवा लागते. बंद पिशवीत माझा पांढरा रंग पिवळट होऊ लागला, धागा सैल पडला. बाहेर नाताळ आलेला मला कळायचा तो हसण्याखिदळण्यावरून. मग खण उघडे. मी आशेने वाट पाही. सूनबाईचा हात येई, रुमाल घेई आणि जाई.

सहा वर्षांनी एका संध्याकाळी पिशवी उघडली, पण हात वेगळा होता. भिंगरी तेरा वर्षांची झाली होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं, आईला न विचारता तिने मला घातलं. त्याआधी गळ्यावर अत्तर फवारलं होतं. त्याने माझी कातडी चरचरली. नाचताना कुणाचं तरी बोट माझ्यात अडकलं आणि धागा तुटला. माझा एक मोती फरशीवरून टणटणत कपाटाखाली कुठेतरी गेला. बाकीच्यांना गाठींनी धरून ठेवलं. भिंगरीने गुडघ्यांवर बसून खूप शोधलं, पण तो सापडला नाही. घरी येऊन तिने मला हातरुमालात गुंडाळलं, पिशवीत कोंबलं आणि खण लावला. रोज ती आईच्या चेहऱ्याकडे बघत असेल, आता कळेल, मग कळेल. पण आईने खण उघडूनही पिशवी कधी उघडली नाही.

आणखी दोन वर्षं गेली. मग थोरल्या मुलाची बदली झाली आणि सासूबाई या घरी राहायला आल्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. भिंतीला हात लावत त्या घरभर फिरत आणि चार दिवसांत त्यांना कुठली खुर्ची कुठे आहे ते पाठ झालं. सूनबाई त्यांचं सगळं वेळच्या वेळी करी, औषधं, पाणी, जेवण. पण बोलणं तेवढंच.

नाताळाला दोन आठवडे होते. रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुझा दागिन्यांचा डबा आण बघू. या वर्षी काय घालायचं ते मी ठरवणार."

"तुम्ही कसं ठरवणार, आई?"

"बोटांनी. तू आण तर खरी."

डबा त्यांच्या मांडीवर आला. त्यांनी एकेक वस्तू चाचपली. "ही कर्णफुलं. एक खडा हलतोय, बघून घे. हे कडं. ही साखळी, हिला वजनच नाही." मग बोटं डब्याच्या तळाशी थांबली. "माझे मोती कुठायत?"

"आहेत. आत ठेवलेत."

"आण की मग."

खण उघडला. पिशवी उघडली. सूनबाईच्या तळहातावर मी दोन तुकड्यांत पडले. दाराशी उभ्या असलेल्या भिंगरीचा चेहरा पांढराफटक झाला.

"आई, मी तोडली," ती रडू लागली. "मी घातली होती, न विचारता. एक मोती हरवला. सांगणार होते गं, पण..."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

मला वाटलं, आता हिला बोलणी बसणार. सूनबाई पलंगावर बसली. कितीतरी वेळ ती माझ्याकडेच बघत राहिली. मग त्या घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाली, "दोन वर्षं! आणि मला पत्ताच नाही. मी उघडून बघितलंच नाही कधी." तिने भिंगरीला जवळ ओढलं. सासूबाई नुसता कान देऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "त्यात काय, मी ओवून देतो."

"ग्रीसच्या बोटांनी?" सूनबाई म्हणाली. कित्येक दिवसांनी ती हसली होती.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मला एका माळा ओवणाऱ्याकडे घेऊन गेल्या. त्याने मला उजेडात धरलं. "हे बंद ठेवले होते ना? घालत जा, ताई. नवा मोती टाकू शकतो, पण तो या सगळ्यांत उठून दिसेल." भिंगरीने आईकडे पाहिलं. सूनबाई म्हणाली, "नको. आहेत तेवढेच ओवा." त्याने मला ओल्या फडक्याने पुसलं, नवा रेशमी धागा घेतला आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा घट्ट, गाठी मारल्या. आता आम्ही पन्नास उरलो. मी थोडी आखूड झाले.

नाताळाची सकाळ उजाडली. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. भिंगरी झाडावर कागदी चांदण्या लावत होती आणि तिचे बाबा मेणबत्त्या लावता लावता बोट भाजून घेत होते. सूनबाई आरशासमोर एकटी होती. तिने मला गळ्याला लावलं. मी आखूड झाले होते, त्यामुळे आता व्रणाच्या खाली नाही, थेट व्रणावरच बसत होते. मोत्यांच्या वरूनही तो दिसत होता आणि खालूनही. तिने मला खाली ठेवलं. हात रुमालाकडे गेला.

दाराची चौकट चाचपत सासूबाई आत आल्या. "घातलेस का मोती?"

"आकडी लागत नाही," सूनबाई खोटं बोलली.

"दे इकडे. मी लावते."

सूनबाईचा नाइलाज झाला. ती पाठमोरी बसली. सासूबाईंनी मला तिच्या गळ्याभोवती घातलं आणि एका झटक्यात आकडी लावली. पण त्यांनी हात काढला नाही. माळ सरळ बसली की नाही ते पाहायला त्यांची बोटं एकेका मोत्यावरून पुढे सरकत गेली आणि व्रणावर येऊन थांबली. सूनबाईने श्वास धरला. तो धरलेला श्वास मला जाणवला. आठ वर्षांत त्या जागेला नवऱ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता.

सासूबाईंची बोटं व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"टाके कुणी घातले?"

"मोठे डॉक्टर होते. नाव नाही आठवत."

"हात चांगला होता त्याचा. सरळ रेघ आहे. कुठे गोळा नाही, ओढ नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, "पट्टी कोण बदलायचं?"

"हे. नाहीतर मीच, आरशात बघून."

सासूबाईंनी बोटं व्रणावरच ठेवली. मग म्हणाल्या, "माझे गुडघे चांगले होते गं तेव्हा."

सूनबाईने मान वळवली.

"डोळे जायला लागले होते. पुढ्यातली वाटीसुद्धा धड दिसत नव्हती. वाटलं, तिथे येऊन मी काय करणार? जखमेवर पट्टी वाकडी बसली असती. सगळं आयुष्य ज्यात गेलं तेच जमेना, हे सुनेसमोर कसं सांगायचं? म्हणून गुडघ्यांचं नाव पुढे केलं."

"आई, पट्टी कोण मागत होतं?" सूनबाईचा आवाज आणखी घोगरा झाला. "तुम्ही नुसत्या येऊन बसला असता तरी चाललं असतं."

"तेच कळलं नाही मला."

सूनबाईने त्यांचा हात धरला आणि होता तिथेच, माझ्यावर आणि व्रणावर, दाबून ठेवला. दोघीही रडत होत्या, पण आवाज कुणाचाच नव्हता. बाहेरून हाक आली, "पाहुणे आले हो!" सूनबाईने डोळे पुसले, सासूबाईंचे पुसले आणि त्यांचा हात धरून ती बाहेर गेली. रुमाल आरशापाशीच राहिला.

जेवणाच्या टेबलावर एका भाच्याने बोट दाखवून विचारलं, "मामी, तुला काय लागलं?" सगळ्यांचे चमचे थांबले.

"ऑपरेशन झालं होतं," सूनबाई म्हणाली. "तुला आणखी केक वाढू?" आणि जेवण पुढे सुरू झालं.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. सासूबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या आजारात सूनबाईने रात्रंदिवस त्यांचं केलं आणि दोघी बोलायच्या, मनापासून, धाप लागेपर्यंत. सूनबाईचा आवाज काही परत आला नाही. मीही पूर्वीइतकी पांढरी झाले नाही. पण नाताळालाच काय, साध्या रविवारीही मी बाहेर असते. कधी भिंगरीही घालते, विचारून.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखाद्या खणात माझ्यासारखं कुणीतरी पडून असेल. त्याला एकदा बाहेर काढा. धागा धड आहे का पाहा, मऊ फडक्याने पुसा, अत्तर आधी लावा आणि मोती मग घाला. हातून काही तुटलं तर त्याच दिवशी सांगून टाका. आणि जिची ती वस्तू असेल तिच्याजवळ जाऊन बसा. तू ही घालायची का सोडलीस, एवढं तिला विचारा. या घरात तसं जवळ बसून बोलायला आठ वर्षं लागली.