बारा उन्हाळ्यांचा नकाशा

माझ्या घड्यांवर आता कागद कमी आणि चिकटपट्टीच जास्त उरली आहे. तेव्हा मित्रांनो, मला उघडायचं तर जरा जपून उघडा. मी रस्त्यांचा एक जुना नकाशा आहे. वर इटली, खाली मोरोक्को आणि मधे निळा भूमध्य समुद्र. त्या निळ्यावरच्या तुटक रेषा म्हणजे बोटींच्या वाटा. मिलानजवळच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथून तुरीनच्या एका पेट्रोल पंपावर आलो आणि मिमूनच्या हाती लागलो.

मिमून मूळचा मोरोक्कोतल्या रीफच्या डोंगरातला. तुरीनमध्ये ओतकामाच्या कारखान्यात तो राबायचा. ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला की गाडीच्या टपावर डोंगराएवढं सामान बांधून तो बायकोमुलीसह गावी निघे. फ्रान्सचा किनारा, मग लांबच लांब स्पेन, अल्मेरियाला बोट आणि पलीकडे मोरोक्कोचं नादोर बंदर. प्रवास तीन दिवसांचा, पण त्याची तयारी एप्रिलपासून चाले. मिमून मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरून गुडघ्यांवर बसायचा. त्याला वाचता येत नसे. नावं वाचायचं काम मुलीचं, लुइझाचं.

"बाबा, इथे मुक्काम नको. मागच्या वर्षी इथेच आपली सतरंजी चोरीला गेली."

"गेली ती सतरंजी तुझ्या आईच्या माहेरची होती. जाऊ दे!"

"ऐकतेय हं मी," असं त्याची बायको फादमा शेगडीपाशी उभी राहूनच म्हणायची.

फ्रान्समधल्या सेतची बोट की अल्मेरियाची? पहिल्या तारखेची की तिसऱ्या? मिमून पेन्सिलीने रेघ ओढायचा, खोडायचा, पुन्हा ओढायचा. खोडून खोडून माझ्या समुद्राला एक भोक पडलं, पण मला त्याचा राग कधी आला नाही. कारखान्यातले गाववाले मला मागून न्यायचे, तेव्हा माझी छाती फुगायची. परत करताना घडी मात्र एकालाही धड घालता आली नाही.

आता दुःखाचं सांगतो. मिमूनचे वडील गेले तेव्हा त्याला कोणी कळवलं नव्हतं. गावी पोचला तर दारात शोकाला आलेली माणसं बसलेली. त्यांच्याकडे रीतच तशी आहे. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. तो एवढा लांबचा रस्ता गाडी हाकत येतो, डोकं ठिकाणावर राहायचं नाही. त्या दिवशी मिमूनने धाकट्या भावाचा, अल्लालचा, हात धरून म्हटलं होतं, "यम्माच्या बाबतीत असं करू नकोस. तिचं काही दुखलंखुपलं तर मला खरं सांग. ती डोळे मिटायच्या आत मला पोचायचंय." यम्मा म्हणजे त्यांची आई. अल्लालने तसा शब्द दिला होता.

माझ्या बाराव्या उन्हाळ्यात, जूनच्या शेवटच्या दिवशी, अल्लालचा फोन आला.

"यम्मा जरा घसरून पडली, दादा. तसं काही नाही. गुडघा सुजलाय."

"खरं सांगतोयस ना?"

"खरंच. तू सावकाश ये."

मिमूनने विश्वास ठेवला. जुलैचे सगळे दिवस तो मला पसरून बोटींचा हिशोब जुळवत राहिला. दोन ऑगस्टला निघायचं ठरलं. यम्मासाठी त्याने जाड लोकरीचं पांघरूण घेतलं.

पंधरा जुलैला तो कामावर असताना फादमाच्या बहिणीचा फोन आला. मी टेबलावरच होतो. फादमा ऐकत होती आणि एक हात माझ्यावर टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या व्हॅलेन्सियावर पडलं. फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतलं आणि रात्रीसाठी भाजी चिरायला घेतली.

प्रवासभर मी तिच्या मांडीवर होतो. मिमून गाडी चालवता चालवता बडबडत होता. यम्मा पांघरुणाला नावं ठेवील, रंगच आवडायचा नाही तिला! फादमा म्हणत होती, "हो ना." त्या "हो ना"चा मला इतका राग आला, की बोलता येत असतं तर मीच सांगून टाकलं असतं.

अल्मेरियाच्या बंदरात गाड्यांची ही लांब रांग. शेजारच्या गावचा एक माणूस सहज जवळ आला, मिमूनला मिठी मारून म्हणाला, "अल्ला तुझ्या आईवर दया करो. भली बाई होती."

मिमून हसला. मग त्याचं हसू मावळलं. तो फादमाकडे वळला.

"तुला ठाऊक होतं?"

"तुम्ही गाडी चालवत होता."

"कधी गेली?"

"बारा जुलैला. खुबा मोडला होता. बारा दिवस अंथरुणावर होती. सारखी विचारत होती, मिमून निघाला का?"

त्याने तिच्या मांडीवरून मला उचललं आणि उघडलं. त्या बारा दिवसांत खोडलेल्या सगळ्या रेघा माझ्यावर होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या तरी त्याला ऐकू येईना. शेवटी लुइझाने त्याच्या हातातून मला सोडवून घेतलं.

गावात दारातच अल्लाल रडत पुढे आला. "तू गाडी भरधाव हाणली असतीस, दादा. तुलाही गमावलं असतं आम्ही."

"विमानाने आलो असतो," मिमून म्हणाला. "चार तासांत."

त्यानंतर त्याने मला कधी उघडलं नाही. गाडी विकली तेव्हा लुइझाने मला सीटखालून काढून आणलं. आता मी तिच्या कपाटात असतो.

मित्रांनो, मला फाडू नका, भिजवू नका, असं मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते राहू द्या. माझं मागणं एवढंच आहे, की दूर राहणाऱ्या माणसाची काळजी वाटते म्हणून त्याच्यापासून घरचं दुखणं लपवू नका. रस्ता किती लांब आहे ते मी सांगू शकतो. निघायची वेळ झाली, हे मला सांगता येत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं.