आधी कोट, मग चहा

शिंप्याच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाने कोटाचं कापड आणलं. गडद राखाडी, जाड लोकरीचं. पुतणीच्या लग्नात घालीन म्हणाला. शिंप्याने मापं घेतली, कापड बेतलं, कापलंही. मग लग्नाची घाई, पाहुण्यांचे कपडे, गिऱ्हाइकांचा तगादा. हा तर घरचाच माणूस, थांबेल. थोरला लग्नात जुन्याच कोटात मिरवला आणि कापलेले तुकडे मशीनमागच्या फळीवर गेले, ते तिथेच राहिले. मुलीला मुलगी झाली, ती चालायला लागली, शाळेत जायला लागली, तरी कोट फळीवरच.

परक्यांची कामं तरी हा माणूस वेळेवर द्यायचा असं नाही. गल्लीने त्याचं नावच उद्याराव ठेवलं होतं. पण या कोटाचं अगदी भिजत घोंगडं झालं. वहिनी येता-जाता बोलायची. थोरला मात्र कधी चिडला नाही. जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेला माणूस, पाय घरात ठरत नसत. फिरता फिरता दुकानाच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "उद्याराव, सावकाश होऊ दे. तो कोट अंगावर चढल्याशिवाय मी काही मरत नाही." दुकानात असतील नसतील ते हसायचे. शिंपी सगळ्यांत मोठ्याने.

मग एका हिवाळ्यात थोरल्याची छाती भरली. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन, मुलांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. मुलं आली, उशाशी बसली, आणि म्हातारा हळूहळू बरा झाला. उठून बसल्यावर पहिलं काय बोलला, तर, "कोट राहिलाय ना." या वेळी कोणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी थंडीची चाहूल लागली तसा थोरला दुकानात आला आणि इस्त्रीजवळ बसून हात शेकू लागला. जुन्या कोटाचं अस्तर फाटून गेलं होतं. आतून त्याने वहिनीची शाल गुंडाळली होती आणि ती कोणाला दिसू नये म्हणून गळ्यापाशी दाबून धरली होती. शिंप्याने ते पाहिलं.

शपथा त्याने आजवर पुष्कळ घेतल्या होत्या, त्यामुळे स्वतःच्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने नियम केला. संध्याकाळी दुकान बंद करताना कोट मशीनवर ठेवायचा, सुई त्यात रुतवून. सकाळी एक शिवण पुरी झाल्याशिवाय चहा नाही. चहाचा कप बायकोच्या ताब्यात. आणि या माणसाला चहा म्हणजे प्राण.

पहिल्या सकाळी त्याने मशीनला तेल घातलं, कात्रीला धार लावली, रिळं रंगवार मांडली. कोटाला हात लावला नाही. मग आत जाऊन म्हणाला, चहाशिवाय डोकं चालत नाही आणि डोक्याशिवाय कोट होत नाही.

"इतकी वर्षं चहा पिऊन डोकं चालतच होतं की," बायको म्हणाली. "झाला का कोट?"

तो मशीनवर जाऊन बसला. असं रोज होऊ लागलं आणि रोज कुरकुर थोडी कमी होऊ लागली. हाताला वळण लागलं. त्याच ओघात गिऱ्हाइकांचे कपडेही वेळेवर होऊ लागले. लोक गोंधळले. एकाने तर, उद्याराव, तब्येत बरी आहे ना, म्हणून विचारलं.

बाह्या लागल्या, त्या दिवशी वहिनी आली. कोटावरून हात फिरवत उभी राहिली. छान झालाय म्हणाली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊजी, बाकी सगळ्यांचं वेळेवर द्या. हा तेवढा राहू द्या."

"वहिनी, तुम्हीच तर मागे लागला होता."

"तेव्हा हे आजारी पडले नव्हते. वेडेपणा आहे, मला कळतं. कळून काय उपयोग?"

ती गेली आणि शिंप्याच्या डोक्याचा भुगा झाला. दुसऱ्या सकाळी तो मशीनवर बसला, पण पाय चालेना. शिवावं तर वहिनीचा चेहरा समोर, न शिवावं तर गळ्यापाशी दाबलेली ती शाल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि खरा घोळ निराळाच होता. हात थांबलाय तो भावाच्या मायेने की जुन्याच आळसाने, हे त्याला ओळखू येईना. आळसही आजवर असंच गोड बोलत आला होता. त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला फक्त चहापुरतं विचारा.

शेवटी त्याने थोरल्याला कोट घालून बघायला बोलावलं. वहिनीही आली. कोट अंगात घातला आणि शिंप्याने कपाळावर हात मारला. शिवताना त्याने जुनी मापं धरली होती. मधल्या वर्षांत भाऊ आटला होता. खांदे दंडावर उतरले, बाहीत बोटं बुडाली. हे त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं, पण टेप लावावी असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. सगळं उसवावं लागणार होतं. वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला.

खडूने खुणा करता करता शिंप्याने विचारलं, "दादा, तुला घाई नाही ना?"

"घाई कसली? मला थंडी वाजते."

"पण तू म्हणायचास ना, कोट झाल्याशिवाय..."

"अरे, तू आळशी. लोकांसमोर तुला खाली बघावं लागू नये म्हणून बोलत होतो," थोरला म्हणाला. "तू ते धरून बसलास होय?"

वहिनी खिडकीकडे बघत राहिली.

शिंप्याने कोट उसवला आणि नव्या मापाने, रोज चहाआधी, पुन्हा शिवला. काजं त्याने नेहमीप्रमाणे शेवटी ठेवली, कारण शिवण उसवता येते, कापलेलं काज परत बंद होत नाही. कात्री टेकवली आणि हात पुन्हा थांबला. आत चहा उकळत होता. आपण बरोबर करतोय की नाही, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं. त्याने काजं कापली.

कोट थोरल्याच्या अंगावर चढला, तेव्हा बटणं वहिनीने स्वतः लावली, वरपासून खालपर्यंत. थोरल्याने दोन्ही हात खिशात घातले आणि खिसे झकास आहेत म्हणाला. तो सगळा हिवाळा शिंपी दुकान उघडण्याआधी भावाच्या दारात डोकावून यायचा. थोरल्याला साधी शिंकही आली नाही.

वहिनी त्याच हिवाळ्याच्या अखेरीस झोपेत गेली. थोरला पुढे बरीच वर्षं जगला आणि शिंप्याच्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वारला. कोट तेव्हा कपाटात होता.