लॉनमधली हराळी

मावला गावातल्या आमच्या घरापुढे लॉन आहे. उटनूरला कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्या नवऱ्याने, सुरजने, हैदराबादहून गवताच्या गुंडाळ्या मागवून ती अंथरली. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी वाकून एक काडी उपटली आणि म्हणाल्या, "बापा, हे तं हराळी हाय!"

माझ्या सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, चाळीस वर्षं लोकांच्या कापसातली हराळी उपटली. त्यांना गवत ओळखायला शिकवायचं म्हणजे कमालच. पण सुरज हसला. "आई, ते वावरातलं. हे लॉनचं गवत हाय, याची जातच येगळी."

कुंपणाच्या कडेला दोन खाटा मावतील एवढा तुकडा त्याने आईला दिला होता. जन्मात पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी जमीन. त्यांनी तिथे वांगी लावली. मी शाळेतून शिकवून आले की पाहायची, सासूबाई नुसत्याच रोपांजवळ बसलेल्या असायच्या. इतकं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

यंदा लॉन पिवळी पडली. माती दबून घट्ट झाली, मुळांना हवा मिळत नाही, असं सुरजने मोबाइलवर वाचलं आणि पोकळ दात्यांचं अवजार मागवलं. पाय देऊन दाबलं की जमिनीत भोक पडतं आणि मातीची बोटभर कांडी वर येते. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "भोकं पाड बापा, पण थ्या कांड्या माह्या वांग्यात नको टाकू. त्याइच्यात हराळीची मुळं हायेत. तुकड्या-तुकड्याले फुटते ते."

पुढे नात आजारी म्हणून त्या चार दिवस इचोड्याला लेकीकडे गेल्या. तेवढ्यात सुरजने लॉन भोसकून काढली आणि टोपलीभर कांड्या वांग्यांच्या बुडाशी ओतल्या. "खत होईल," म्हणाला. मी बघत होते. वर्गात पन्नास पोरांना दरडावणारी मी, तोंडातून शब्द काढला नाही. रविवारी कोण भांडण उकरून काढणार!

लॉन हिरवीगार झाली. तिसऱ्या आठवड्यात वांग्यांचा तुकडाही हिरवागार झाला, पण हराळीने. सासूबाई रोज सकाळी खुरपं घेऊन बसायच्या, काढायच्या, दोन दिवसांत पुन्हा कोंब. गुडघे सुजले. शेवटी सुरज म्हणाला, "आई, काऊन जीव काढून राह्यली? हा तुकडा लॉनमंदीच घेऊ. एकसारखं दिसन."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "चाळीस वर्षं लोकाइच्या वावरातली हराळी काढली रे. माहं वावर भेटलं, तं पोटच्या पोरानं पेरली."

मग फळांसकट सगळी रोपं त्यांनीच उपटली. मला रडू आलं. सुरजचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. पडलेली वांगी गोळा करायला मी परडी घेऊन गेले, तर म्हणाल्या, "राहू दे बाई. बजारातून आणजो."

मी बाजारातून वांगी आणली, मसाला भरून केली. सुरजने दोनदा मागून घेतली. सासूबाईंनी भाकरी पाण्याबरोबर खाल्ली.